रविवार कोणाचा? नवऱ्याच्या छंदाने घर व्यापले असेल तर

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. लग्नाला १९ वर्षे झाली आहेत, मुलगी दहावीत आहे, दोघेही नोकरी करतात आणि घर एका बेडरूमचे, ३९० चौरस फुटांचे आहे. पतींना गेल्या सहा वर्षांपासून जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) रेडिओ आणून दुरुस्त करण्याचा छंद जडला आहे. आज घरात १७ रेडिओ आहेत, पलंगाच्या बॉक्समध्ये सुट्या भागांचे डबे आहेत आणि जेवणाच्या टेबलावर कथिलाची तार व सोल्डरिंगचे सामान कायम पसरलेले असते. रविवारी नाश्ता आटोपला की ते बसतात ते दिवेलागणीपर्यंत. रेडिओत खरखर येते म्हणून ते घरातले एलईडी दिवे मालवतात आणि ताईंचा मोबाइल चार्जिंगवरून काढून ठेवतात. मागच्या महिन्यात चोरबाजारातून आणलेला एक रेडिओ दोन हजारांचा म्हणून सांगितला होता, तो साडेसहा हजारांचा निघाला. तक्रार केली की ते म्हणतात, "तूही एखादा छंद लाव, म्हणजे तुला माझा खुपणार नाही." ताईंचा प्रश्न आहे : "त्यांचा छंद चुकीचा आहे, की माझे मन कोते आहे?"

ताई, आधी सरळ उत्तर देते. छंद चुकीचा नाही आणि तुमचे मनही कोते नाही. मुंबईत गेली २६ वर्षे मी विवाह समुपदेशनाचे काम करते आहे. छंदावरून भांडणारी जी जोडपी माझ्यापुढे बसली, त्यांच्यातल्या फार थोड्यांचे भांडण खरोखर छंदाशी होते. तुमच्या पत्रात सहा वेगवेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या सगळ्या "तुमचे ते रेडिओ" या एकाच शब्दप्रयोगात गुंडाळल्या गेल्या आहेत. त्यामुळे तुम्ही चार्जरबद्दल बोलता तेव्हा पतींना आपल्या सहा वर्षांच्या आनंदावरच घाला येतो आहे असे वाटते, आणि ते रेडिओचा बचाव करतात तेव्हा तुम्हाला आपला गेलेला रविवार कोणाच्या खिजगणतीतच नाही असे वाटते. या तक्रारींचे वजन सारखे नाही. काही अर्ध्या तासात मिटतील, एक कदाचित कधीच पुरती मिटणार नाही, आणि एक मात्र तुम्ही पत्रात जेवढी सांगितली आहे त्याहून बरीच मोठी आहे.

सगळ्यात हलकी तक्रार चार्जरची आहे, पण रोज टोचणारी तीच आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. पती तुम्हाला त्रास देण्यासाठी दिवे मालवत नाहीत, एवढे आधी मनाशी ठेवा. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्या आतली मंडले सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, त्यातून विद्युतचुंबकीय गोंगाट निर्माण होतो आणि जुना रेडिओ ज्या मध्यम लहरी पकडतो त्यांतच तो नेमका घुसतो. चांगल्या प्रतीचा दिवा आणि चार्जर यांचा गोंगाट पुष्कळ कमी असतो. तेव्हा पतींनी एक संध्याकाळ घालवून घरातली कोणती वस्तू खरखर करते ते एकेक करून तपासावे, दोषी दिवे बदलावेत, आणि तुमच्या फोनसाठी बेडरूममध्ये एक जागा ठरवून द्यावी जिथे त्यांनी हात लावायचा नाही. हे काम त्यांना आवडेलही, कारण दोष शोधून काढणे हाच तर त्यांचा छंद आहे. माझ्या अनुभवात संसारातली पुष्कळ टोचणी अशी असते की तिच्यामागचे कारण दुसऱ्याला कधी कोणी नीट सांगितलेलेच नसते. खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या लावणारी पत्नी आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकते म्हणून सोसायटीच्या सभेत बोलणी खाणारा पती, असे एक जोडपे माझ्याकडे आले होते. कुंड्यांखाली खोल ताटल्या ठेवल्या आणि पाणी घालायची वेळ रात्री दहाची केली, तेव्हा त्यांच्यातला दोन वर्षांचा अबोला संपला.

जेवणाच्या टेबलाचे मात्र तसे नाही. इथे तुमच्या बाजूने मी ठाम आहे. सोल्डरिंगच्या कथिलाच्या तारेत बहुधा शिसे असते, आणि ती वितळताना राळेचा जो धूर निघतो तो श्वासनलिकेला त्रासदायक असतो. ज्या टेबलावर पोळी वाढली जाते आणि मुलगी दहावीचा अभ्यास करते, तिथे हे काम होता कामा नये. शिवाय व्हॉल्व्हच्या रेडिओत दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. उघडा रेडिओ टेबलावर ठेवून ते चहाला उठले आणि कोणी वही सरकवायला हात घातला, तर काय होईल हे पतींना तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. त्यांना हे तक्रारीच्या सुरात सांगू नका, जाणकार माणसाला विचारावे तसे विचारा : "हे काम खिडकीपाशी, वेगळ्या फळीवर, हात धुऊनच उठायचे अशा शिस्तीने करता येईल का?" या कामाची जाण असलेला माणूस या प्रश्नाला नाही म्हणत नाही. भिंतीला बिजागरीने बसवलेली, काम झाले की मिटून ठेवता येईल अशी फळी कोणताही सुतार अर्ध्या दिवसात बसवून देतो.

जागेबद्दल मी नेहमी मोजपट्टी हातात घ्यायला सांगते, कारण मुंबईच्या घरात "पसारा" हा शब्द फार लवकर भावनेचा होतो. मेजावर ठेवायचा एक रेडिओ साधारण ५० सेंटीमीटर लांब आणि २५ सेंटीमीटर रुंद धरला, तर १७ रेडिओ जमिनीवर ठेवल्यास सुमारे २३ चौरस फूट व्यापतात, म्हणजे तुमच्या घराचे जवळजवळ सहा टक्के. ऐकायला हे कमी वाटते. पण पलंग, कपाट, ओटा, फ्रिज आणि न्हाणीघर वजा केल्यावर तुमच्या घरात चालायला-बसायला जी मोकळी जमीन उरते, तिच्यातून हे २३ फूट गेलेले आहेत, म्हणून पाय ठेवायला जागा नाही असे तुम्हाला वाटते आणि ते खरेच आहे. सहा फूट रुंद आणि पाच खणांची एक मांडणी केली तर प्रत्येक खणात तीन याप्रमाणे १५ रेडिओ बसतात आणि जमीन फक्त सहा चौरस फूट जाते. लाकडी खोक्याचा रेडिओ चांगलाच जड असतो, तेव्हा मांडणी जमिनीवर पाय टेकणारी असावी, आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला ती लावू नये. उरलेल्या दोनांचे काय करायचे ते पतींनी ठरवावे. यापुढे एक रेडिओ आत आला तर एक बाहेर जाईल, हा नियम मात्र दोघांनी मिळून करावा. संग्रह करणाऱ्याला हा नियम जाचक वाटत नाही, उलट त्यामुळे तो अधिक पारखून घेऊ लागतो. पुस्तके, नाणी, पितळेची जुनी भांडी, सगळ्या संग्राहकांच्या घरी मी हे पाहिले आहे.

आता रविवार. तुमच्या पत्राचा गाभा मला इथे दिसतो, आणि पतींचे ते वाक्य, "तूही एखादा छंद लाव," तुम्हाला इतके का लागले असावे तेही इथेच कळते.

पतींनी ते वाक्य बहुधा चांगल्या मनाने म्हटले असेल. पण छंद लावायला आधी सलग वेळ लागतो, आणि तुमच्या घरात रविवारचा सलग वेळ कोणाच्या वाट्याला येतो? ते नाश्त्यानंतर बसतात असे तुम्ही लिहिले आहे. त्या नाश्त्याआधी आणि नंतर काय होते ते तुम्ही लिहिलेले नाही, कारण तुम्हाला ते लिहिण्याजोगे वाटलेच नाही. आठवड्याची भाजी, डाळ-तांदळाचे डबे, मुलीचा गणवेश, सोमवारच्या डब्याची तयारी, वाण्याची यादी, गॅसचा नंबर लावणे, नातेवाइकांचे फोन. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. हा आकडा मी पतींना दोषी ठरवण्यासाठी देत नाही. त्यांच्या रविवारचे आठ तास कुठून आले, एवढेच मला दाखवायचे आहे. ते तास आपोआप उगवलेले नाहीत, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी ते मोकळे करून दिलेले आहेत.

हे बोलताना एक खबरदारी घ्या. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ३७ विवाहित जोडप्यांना घरातल्या निरनिराळ्या कामांतला आपापला वाटा किती, असे वेगवेगळे विचारले होते. पती-पत्नींच्या वाट्यांची बेरीज बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत पूर्णाहून अधिक भरली. यात कोणी खोटे बोलत होते असे नाही. स्वतः केलेले काम हाताला आठवते, दुसऱ्याने केलेले दिसतेच असे नाही. म्हणून "सगळे मीच करते" या वाक्याने सुरुवात केलीत तर पतींना लगेच त्यांनी भरलेले वीजबिल आणि नेलेली इस्त्री आठवेल, आणि बोलणे तिथेच अडकेल. त्यापेक्षा दोन रविवार, फक्त दोनच, दोघांनीही एका कागदावर तासातासाला आपण काय केले ते लिहावे. एकमेकांचे कागद मध्येच पाहायचे नाहीत. दुसऱ्या रविवारी रात्री जेवणे झाल्यावर ते शेजारी ठेवायचे. हा उपाय मी शेकडो जोडप्यांना दिला आहे. बहुतेक वेळा कागद पाहून काही बोलावेच लागत नाही, कारण एका कागदावर तीन मोठे चौकोन असतात आणि दुसऱ्यावर तीस बारीक ओळी. त्या तीस ओळी हेच तुमच्या थकव्याचे खरे कारण आहे. वीस मिनिटांच्या सहा फटी मिळून दोन तास होत असले, तरी त्या फटींत कोणाचाही छंद रुजत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी ओघात लिहून गेला आहात. लग्नाआधी तुम्ही पेटी (हार्मोनियम) शिकत होता, संगीताच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि ती पेटी "आता माळ्यावर आहे, तिच्यावर यांचे दोन रेडिओ आहेत." ताई, मी हे वाक्य तीन वेळा वाचले. तुम्हाला छंद नाही असे पती म्हणतात आणि तुम्हीही ते कबूल करता, पण ते खरे नाही. मध्यमा पूर्णपर्यंत जाणारी व्यक्ती रोज भाता हलवून, बोटे दुखेपर्यंत अलंकार वाजवून तिथवर पोचलेली असते. तुमचा छंद कोणी हिरावून घेतला नाही, पण १९ वर्षांत त्याच्यासाठी ठरलेला वेळ कधी राखलाही गेला नाही, आणि सामानाच्या ओझ्याखाली तो माळ्यावर गेला. म्हणून रेडिओ कमी करा असे मागू नका. रविवारी दुपारी तीन ते सहा हे तीन तास तुमचे असावेत, त्या तीन तासांत स्वयंपाकघर, मुलीचा अभ्यास, दारावरची बेल आणि सासर-माहेरचे फोन हे सगळे पतींच्या अखत्यारीत असावे, आणि त्या वेळेत तुम्ही पेटी वाजवली नाही, नुसते झोपलात किंवा पुस्तक वाचलेत, तरी त्याचा जाब कोणी विचारू नये, हे मागा. त्यांच्या वाट्याला सकाळचे चार तास राहतील. कार्यालयात बसून हिशेबाचे काम करणाऱ्या, रोज लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी गाठणाऱ्या माणसाला ते चार तास हवेच असतात, हेही मी तितक्याच आग्रहाने सांगेन. त्यांचे नोकरीतले काम कधी "झाले" असे होत नाही, महिनाअखेर झाली की पुढचा महिना उभा राहतो. दुरुस्त केलेला रेडिओ मात्र वाजतो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला आपल्या हातून काहीतरी पुरे झाल्याचा हा आनंद किती आधार देतो, ते मी अनेक घरांत पाहिले आहे.

मोकळ्या वेळेची ही अडचण केवळ स्त्रियांची असते असेही समजू नका. ठाण्याच्या एका गृहस्थांची पत्नी महिन्यातून दोन शनिवारी रात्रीची कसारा लोकल पकडून गिर्यारोहणाला जात असे. हरिश्चंद्रगडावर फोन लागत नाही आणि हे गृहस्थ पहाटेपर्यंत जागे राहत. रविवारी ती आनंदाने न्हाऊन निघालेली परत यायची, आणि दारातच चिखलाच्या बुटांवरून वाद सुरू व्हायचा. बूट हे निमित्त होते. रात्रभरची काळजी बोलून दाखवायला त्यांना दुसरा शब्द सापडत नव्हता. जाण्याचा मार्ग, बरोबरच्या दोघांचे क्रमांक आणि उतरल्यावर पहिल्या गावातून एक निरोप, एवढे ठरले आणि ते झोपू लागले. बूट धुण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले.

"बघायला तरी ये," असे पती तुम्हाला वारंवार बोलावतात आणि तुम्हाला त्यात रस नाही, ही तुमची आणखी एक तक्रार. दोघांनी एकच छंद जोपासला तर संसार गोड होतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे, आणि तो सरसकट खरा नाही. जोडप्यांचा अनेक वर्षे मागोवा घेणारा एक अमेरिकी अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. केवळ पतीला आवडणाऱ्या गोष्टींमागे पत्नी बरोबर गेली काय किंवा तो एकटा गेला काय, पत्नीच्या असमाधानाशी त्यांचा संबंध आढळला. मला तो निष्कर्ष लगेच पटला, कारण शिवडीच्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे प्रकरण मी जवळून पाहिले होते. पती पक्षिनिरीक्षक होते. हिवाळा आला की भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ते रविवारची वेळ ठरवत, कारण पाणी ओसरून चिखल उघडा पडतो तेव्हाच ते पक्षी चरायला पसरतात. पत्नी तीन हिवाळे त्यांच्याबरोबर गेली, उन्हात उभी राहिली, दुर्बिणीतून पाहिले आणि दरवेळी "छान" म्हणाली. चौथ्या वर्षी ती माझ्यासमोर रडली, कारण तिला त्या चिखलाचा वास सहन होत नव्हता आणि ते सांगणे म्हणजे पतीवर प्रेम नसणे असे तिला वाटत होते. तिने जाणे थांबवले. आता ती रविवारी नऊपर्यंत झोपते, पती परत येतात, आणि चहा घेता घेता ती त्यांना आज काय दिसले ते विचारते आणि मनापासून ऐकते. तिला आता शराटी आणि शेकाट्या यांतला फरक कळतो, जो शिवडीला उभे राहून कधी कळला नव्हता.

या ऐकण्याला मी फार महत्त्व देते. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की एकाने आनंदाची गोष्ट सांगितल्यावर दुसरा ती उत्साहाने आणि रस घेऊन स्वीकारतो की नाही, याचा नात्यातल्या समाधानाशी जवळचा संबंध असतो. दुःखात साथ देणे आपल्याला शिकवलेले असते. सुखात दखल घेणे मात्र कोणी शिकवत नाही. तुम्हाला कपॅसिटर समजायची गरज नाही. पतींनी हाक मारली की अर्धा मिनिट जाऊन, रेडिओकडे नव्हे, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून "कुठे अडले होते?" एवढे विचारा, आणि उत्तर पुरते ऐका. हातात काम असेल तर "दहा मिनिटांनी येते" म्हणा आणि दहा मिनिटांनी खरोखर जा. पण हा करार दोन्ही बाजूंनी हवा. तुम्ही पेटीवर यमनची एखादी गत पुन्हा बसवाल तेव्हा त्यांनी सोल्डरिंग खाली ठेवून ऐकले पाहिजे. त्यांना हे जमेल असे मला वाटते. सूर आणि खरखर यांतला फरक त्यांच्या कानाला कळतो.

पैशाबद्दल थोडक्यात. साडेसहा हजार रुपये ही दोन पगारांच्या घराला न पेलणारी रक्कम नाही, आणि तुम्हीही रकमेवर फारसे बोलत नाही. दुखले आहे ते दोन हजार सांगितल्यामुळे. माणूस छंदाच्या खर्चाचा आकडा लपवतो तेव्हा बहुधा त्याला आपल्या आनंदाची लाज वाटायला लागलेली असते, किंवा प्रत्येक खरेदीवर होणारी उलटतपासणी त्याला नको असते. दर महिन्याला दोघांनाही सारखी, कोणताही हिशेब न देण्याची एक रक्कम ठरवा. तुम्ही तीन महिने साठवून पेटीची दुरुस्ती करा, ते साठवून रेडिओ आणोत. त्या रकमेबाहेरचा खर्च मात्र आधी विचारूनच व्हावा. आणि एवढे ठरल्यावरही पुन्हा लपवाछपवी झाली, तर तो प्रश्न छंदाच्या पलीकडचा आहे आणि तेव्हा दोघांनी मिळून एखाद्या समुपदेशकाकडे बसावे.

तुमच्यातला एक फरक तसाच राहील, हेही सांगायला हवे. तुम्हाला मोकळा ओटा आणि रिकामे टेबल पाहून शांत वाटते, त्यांना आजूबाजूला अर्धवट उघडलेल्या वस्तू असल्या की उत्साह येतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या प्रदीर्घ निरीक्षणातून असे मांडले आहे की पती-पत्नींमधले सुमारे ६९ टक्के मतभेद स्वभावातून आलेले असतात आणि ते कायम राहतात. समाधानी जोडप्यांतही ते असतातच, पण त्यांच्याविषयी बोलताना त्यांचा स्वर मऊ असतो. हे वाचून निराश होऊ नका. मला स्वतःला या आकड्याने कामात मोठा दिलासा दिला, कारण समोरच्या जोडप्याचे प्रत्येक भांडण मिटवलेच पाहिजे हे ओझे त्यामुळे उतरले.

आता पत्राचा शेवट. तुम्ही लिहिले आहे की श्रावणातल्या एका रात्री तुम्ही भांडी घासत असताना पतींनी महिनाभर अडलेला रेडिओ सुरू केला, व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही क्षण नुसती हलकी गुणगुण आली, डायल पिवळी उजळली, आणि मग एकदम विविध भारतीवर जुने गाणे लागले. त्यांनी हाक मारली आणि तुम्ही ओल्या हातांनी दारात उभ्या राहून ते गाणे संपेपर्यंत ऐकलेत, मुलगीही वही घेऊन बाहेर आली. "तेवढ्यापुरते बरे वाटले," असे तुम्ही त्याबद्दल लिहिता. ताई, हा प्रसंग तक्रारींच्या यादीखाली पुरू नका. मला वाटते, हा पतींना सांगा. सहा वर्षे ते तुम्हाला बोलावत आहेत आणि तुम्हाला हे आवडत नाही अशी त्यांची खात्री झालेली आहे. त्या रात्री तुम्हाला बरे वाटले होते हे त्यांना बहुधा माहीतच नाही.

बोलणे याच प्रसंगापासून सुरू करा. रविवारी रात्री बोलू नका, कारण तेव्हा तुम्ही दमलेल्या असता आणि त्यांच्या डोक्यात सोमवारची गाडी असते. सोल्डरिंग तापलेले असताना तर मुळीच नको. एका खोलीत मुलगी अभ्यास करत असताना मुंबईच्या घरात नवरा-बायकोने बोलायचे कुठे, हा खरा प्रश्न असतो. मी बहुतेकांना गच्ची किंवा रात्री जेवणानंतरची फेरी सुचवते. चालताना माणसे एकमेकांकडे रोखून पाहत नाहीत आणि शब्द जरा सावकाश येतात. "त्या रात्रीचे गाणे मला फार आवडले होते, आणि मला माझी पेटी खाली काढायची आहे, त्यासाठी रविवारचे तीन तास हवे आहेत." पहिल्या दिवशी एवढेच बोला. टेबल, मांडणी आणि पैसे पुढच्या फेऱ्यांसाठी ठेवा.

जाता जाता, रेडिओ आणि पेटी यांचे वैर जुने आहे. आकाशवाणीने १९४० साली पेटीला आपल्या प्रसारणातून बाद केले होते, आणि १९७१ साली ती बंदी सैल होईपर्यंत तिला तिथे जागा नव्हती. तुमच्या माळ्यावर ते वैर अजून चालूच आहे. पेटी पावसाळा लागण्याआधी खाली आणा, कारण मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात आणि पितळी सुरांवर थर चढतो. इतकी वर्षे न हाललेला भाता एकदम जोराने ओढू नका, त्याच्या घड्या आधी हलकेच उघडून उंदीर-झुरळांनी कुठे कुरतडले आहे का ते पाहा आणि मग कारागिराला दाखवा. ती उतरवायला पतींनाच हाक मारा. वरचे दोन रेडिओ त्यांना आधी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवावे लागतील.